ओटीजीतला मीटलोफ, वर बटाटा आणि जेवायला दहा माणसं

"ताई, डिसेंबरमध्ये नणंद येतेय न्यू जर्सीहून, सोबत मिस्टर आणि दोन पोरं, नऊ आणि बारा वर्षांची. पोरांना तिथला मीटलोफ, म्हणजे खिमा पावासारखा थापून ओव्हनमध्ये भाजतात तो, आणि मॅश बटाटा फार आवडतो असं ती फोनवर सहज बोलली आणि मीही बोलून गेले की मी करते ना, दोन्ही एकाच ट्रेमध्ये थर लावून कॅसरोल करते. आता झोप उडालीय. दहा माणसं जेवायला, ओटीजी (छोटा विजेचा ओव्हन) आहे पण त्यात आजवर फक्त केक केलेत. सासूबाई म्हणतात ओव्हनमधलं मटण आतून कच्चं राहतं, मी तोंडात घालणार नाही. चुलत सासरे माळकरी आहेत. नवरा म्हणतो कशाला डोक्याला ताप, पिझ्झा मागवू. रेसिपी बघाव्या तर सगळ्या बीफच्या, ते आमच्याकडे चालत नाही. सांगा काय करू. — विक्रोळीची वहिनी"

अगं वहिनी, पिझ्झा अजिबात मागवू नको, न्यू जर्सीची पोरं पिझ्झा खायला एवढं विमान करून येत नाहीत. आणि तू बोलून गेलीस ते काही वाईट नाही झालं, कारण तुला जे करायचंय त्यातला अर्धाअधिक भाग तुला येतोच. इराण्याकडे खिमा पॅटिस खाल्लंयस ना, किंवा वांद्र्याच्या ख्रिश्चन घरांतून करतात तो पोटॅटो चॉप, बटाटा बाहेर आणि खिमा आत. तुझ्या ट्रेमध्ये खिमा खाली आणि बटाटा वर, एवढाच फरक. गडबड होते ती तीन ठिकाणी, खिम्यातली चरबी, बटाट्यातलं पाणी आणि ओटीजीचा वेळ, आणि ही तीन सांभाळलीस की बाकी सगळं तुझ्या रोजच्या हातचं आहे.

पण सगळ्यात आधी कालनिर्णय काढ. डिसेंबर म्हणजे बरेचदा मार्गशीर्ष असतो, तुमच्याकडे महिनाभर पाळतात की फक्त गुरुवार ते सासूबाईंना आत्ताच विचार, संकष्टी एकादशी कधी येतेय तेही बघून ठेव, नाहीतर मटण आणून फ्रिजमध्ये आणि घरात वाद असं व्हायचं. रविवार मोकळा मिळाला तर उत्तम, सकाळी ताजं मटण मिळतं आणि हाताशी माणसं असतात.

आता बीफचं. महाराष्ट्रात 2015 पासून बैलाचं मांसही बंद आहे, गाईचं तर त्याच्या कितीतरी आधीपासून, त्यामुळे तुमच्याकडे चालत असतं तरी त्या रेसिपी जशाच्या तशा इथे झाल्या नसत्याच. मटणाचा करायचा, त्यात काही कमीपणा नाही. फक्त एक लक्षात घे, तिकडचा बीफचा खिमा साधारण 80-20 चा असतो म्हणजे शंभरातले वीस भाग चरबी, आणि आपलं मटण बोकडाचं, बऱ्यापैकी कोरडं. तोच मसाला आणि तोच वेळ धरून नुसत्या मटणाच्या खिम्याचा लोफ केलास तर कापताना भुगा होणार आणि सासूबाईंना बोलायला आयतं कारण मिळणार. म्हणून दहा माणसांना सव्वा किलो खिमा धर, त्यातलं पाऊण किलो मटण आणि अर्धा किलो चिकन, पण चिकन लेग बोनलेसचं, ब्रेस्टचं नको, ते पुन्हा कोरडंच. मटणाचा भाव काय झालाय ते तुला सांगायला नको, त्यामुळे खिशालाही बरं. सगळं मटणच हवं असेल तर मटणवाल्याला सांग थोडी चरबी घालून खिमा काढ, पण मग जेवण गरमागरम वाढायला लागेल कारण बोकडाची चरबी गार झाली की लगेच टाळ्याला चिकटते.

आणि खिमा धुवायचा प्रकार. आपल्याकडे खिमा आणला की चाळणीत घालून नळाखाली धरतातच, रस्सा करायचा असेल तर चालून जातं, इथे नाही चालत, पाणी आत राहिलं की लोफ बसतच नाही. तर मटणवाल्याला अख्खा तुकडा दाखव, रानेचा किंवा खांद्याचा, तो आधी स्वच्छ करून पुसून घे म्हणावं आणि मग मशीनमधून दोनदा काढ. हातखिमा खायला भारी लागतो, मला स्वतःला तोच आवडतो, पण लोफला बारीक हवा. त्याच दिवशी आणून त्याच दिवशी करायचा, फारतर आदल्या दिवशी संध्याकाळी, आणि ट्रेनने आणणार असशील तर पिशवीत बर्फ ठेव, मुंबईच्या गरमीत खिमा तासभरसुद्धा असाच ठेवू नये.

सासूबाईंच्या बाजूने बोलते आता, रागावू नको. त्या म्हणतात त्यात तथ्य आहे. अख्ख्या तुकड्याला जे काही जंतू असतात ते बाहेरच्या बाजूला असतात आणि बाहेरून भाजलं की मरतात, पण खिमा केला की बाहेरचं सगळं आत मिसळतं, त्यामुळे खिमा मधोमधपर्यंत शिजायलाच लागतो. आणि रंगावर जाऊ नको, कांदा वगैरे असला की शिजलेला लोफही आतून गुलाबी दिसू शकतो. यावर उपाय एकच, मीटचा थर्मामीटर. ऑनलाइन मिळतो, फार महाग नसतो, सुई मधोमध खुपसायची, नुसतं मटण असेल तर 71 डिग्री सेल्सियस, चिकन मिसळलं असेल तर 74. नणंदेलाच सांग ना येताना बॅगेत टाक म्हणून, फक्त तिकडचा फॅरेनहाइट दाखवेल तर 160 आणि 165 हे आकडे ध्यानात ठेव. सासूबाईंना शेजारी उभं करून आकडा दाखव. वाद तिथेच मिटतो, आणि नाहीच मिटला तर त्यांच्यासाठी वेगळा सुका खिमा कर गॅसवर, एवढं काय त्यात.

बरं, मिश्रण. दोन मोठे कांदे बारीक चिरून तेलावर गुलाबी परतून पूर्ण गार करून घे, कच्चा कांदा घालू नको, पाणी सुटतं. चार-पाच लादीपाव, कालचे शिळे असले तर अजून चांगले, ते कुस्करून पाऊण कप दुधात भिजव आणि दहा मिनिटांनी हाताने मोडून लगदा कर. हा दूधपावाचा लगदा म्हणजे लोफचा जीव आहे, कारण मांस शिजताना आकसतं आणि पाणी बाहेर टाकतं, ते पाणी हा पाव धरून ठेवतो. अमेरिकेत 1930 च्या दशकातल्या मंदीत हा पदार्थ घरोघरी झाला तो याच्याच जोरावर, थोडं मांस, बराच पाव, आणि अख्खं कुटुंब जेवतं. गरिबाघरचं जेवण आहे ते, उगाच त्याचं फार टेन्शन घेऊ नको. लगद्यात दोन अंडी, लसूण सहा-सात पाकळ्या ठेचून, मिरपूड, दोन चमचे केचप, असला तर वूस्टर सॉस एक चमचा, नसला तर जरासं व्हिनेगर, आणि मीठ सपाट दोन चमचे, जास्त नको कारण वर अमूल बटर आणि चीज येणार आहे ते खारटच असतं. मग शेवटी खिमा घाल आणि बोटांनी हलकं मिसळ. कबाबाचा खिमा आपण मळमळ मळतो, इथे तसं केलंस तर रबरासारखा घट्ट होतो, नुसतं एकत्र आलं की थांबायचं. आणि ट्रेमध्ये भरायच्या आधी एक छोटी टिक्की तव्यावर भाजून खाऊन बघ, मीठमिरी तिथे कळते, ट्रे ओव्हनमध्ये गेल्यावर कळून उपयोग नाही.

मसाल्याचं विचारलं नाहीस पण तुझ्या हाताला खाज सुटणार हे मला माहितीय. आलं-लसूण चालेल, पुदिना थोडा चालेल, गरम मसाला चिमूटभर फारतर. मालवणी मसाला घालू नको, घाटी मसाला घालू नको. पोरांना त्यांच्या घरची चव हवीय, तर ती तशीच असू दे, मोठ्यांसाठी बाजूला लसणाची चटणी, ठेचा, कोलंबीचं लोणचं काय ते ठेव. ट्रे सगळ्यांना खूश करायला गेला की कोणालाच आवडत नाही असं माझं मत आहे.

ओटीजी. रेसिपीत 350 लिहिलेलं असतं आणि आपल्या ओटीजीचा काटा 250 ला संपतो, मग लोक घाबरून फुल्ल करतात. ते 350 फॅरेनहाइट गं, आपलं 180 सेल्सियस. बटरची एक स्टिक म्हणजे 113 ग्रॅम, अमूलचं शंभराचं पाकीट घेतलंस तरी झालं. आणि ते 9 बाय 13 इंचाचा ट्रे म्हणतात तो तुझ्या ओटीजीत बहुतेक शिरणारच नाही, आधी टेप घेऊन आतून मोज. आठ इंची चौकोनी दोन टिन घे, केकचे असतीलच, नसतील तर क्रॉफर्ड मार्केटला बेकिंगच्या सामानाच्या दुकानांत स्वस्तात मिळतात. ओटीजी 16 अँपियरच्या सॉकेटला लाव आणि त्याच वेळी गीझर चालू नको, जुन्या बिल्डिंगचं वायरिंग असेल तर मेन ट्रिप होऊन सगळा मजला अंधारात जाईल, पाहुणे आंघोळीला आणि तू ओव्हनला असं नको व्हायला.

पंधरा मिनिटं प्रीहीट, दोन्ही रॉड चालू, 180. टिनला बटर लावून मिश्रण दोन इंचापेक्षा जाड नाही असं दाबून भर, वर केचपचा पातळ हात फिरव, त्यात ब्राऊन शुगर वगैरे घालतात ते करू नको, केचपमध्ये साखर आहेच. पस्तीस-चाळीस मिनिटांनी थर्मामीटर लाव. झालं की टिन जपून तिरकं कर आणि सुटलेला रस वाटीत काढून घे. हा रस काढायला विसरलीस तर वरचा बटाटा खालून चिखल होणार. आणि तो फेकू नको, पातेल्यात चमचाभर बटरवर चमचाभर मैदा भाजून त्यात हा रस आणि थोडं पाणी घालून ढवळत उकळ, मिरपूड घाल, झाली पोरांची ग्रेव्ही.

हे सगळं दुपारी करून ठेवायचं, हे महत्त्वाचं. संध्याकाळी घरात माणसं आली की तुला खिमा बसला की नाही ते बघायला वेळ नसतो. दुपारी दोन्ही टिन एकामागून एक भाज, गार झाले की फ्रिजमध्ये ठेव, रात्री फक्त बटाटा थापायचा. गार झालेला थर घट्ट होतो त्यामुळे बटाटा पसरवतानाही सोपं जातं.

आता बटाटा, आणि इथे बऱ्याच जणी फसतात. डिसेंबरात बाजारात नवा बटाटा यायला लागतो, पातळ सालीचा, नखाने साल निघते तो. रस्साभाजीला तो छान, पण मॅश केला की चिकट होतो. भाजीवाल्याकडे जुना माग, जाड सालीचा, उकडल्यावर फुटणारा. फक्त कोल्ड स्टोरेजमधला जुना बटाटा कधीकधी गोडसर लागतो, थंडीत त्यातल्या स्टार्चची साखर होते म्हणून, तर आधी एखादा उकडून चव घेऊन बघ. दीड किलो घे. कुकरच्या डब्यात पाणी न घालता वाफेवर उकड, डायरेक्ट पाण्यात बुडवलेस तर पाणी पितात. सोलून गरम असतानाच पुरणयंत्रातून काढ. हो, पुरणयंत्र, तुझ्या सासूबाईंचं वरच्या माळ्यावर असेल ते. तिकडे यासाठी वेगळं यंत्र विकत घेतात, आपल्याकडे होळीला निघतं तेच काम करतं. मिक्सर मात्र चुकूनही लावू नको, पात्याने बटाट्यातला स्टार्च सगळा मोकळा होतो आणि मग तो मॅश राहत नाही, पोस्टर चिकटवायची खळ होते, त्यात कितीही बटर घाल, सुटत नाही. आधी ऐंशी-नव्वद ग्रॅम बटर गरम बटाट्यात मिसळ, मग कपभर दूध गरम करून थोडं थोडं, सगळं एकदम ओतू नको, जरा घट्टच ठेव कारण ओव्हनमध्ये अजून सैल होतो. मीठ शेवटी चाखून. लसूण, चीज, क्रीम काय घालायचं ते घाल, मी तरी नुसतं बटर-दूध आणि मिरपूड ठेवते.

हे पुरणयंत्राचं काम त्या दोन पोरांना दे. हँडल फिरवलं की खालून शेवया पडतात, बारा वर्षांचासुद्धा खूश होतो, आणि स्वतः केलेलं पोरं नाकारत नाहीत.

रात्री जेवणाच्या दीड तास आधी गार टिनवर बटाटा पसर, कडेपर्यंत ने, काट्याने रेघा ओढ म्हणजे उंचवटे खरपूस होतात, दोन-तीन चीज क्यूब किसून टाक, 180 ला पंचवीस-तीस मिनिटं, आणि शेवटची पाच मिनिटं फक्त वरचा रॉड. या पाच मिनिटांत फोन घेऊ नको, लाल व्हायचं ते काळं होतं. फ्रिजमधून काढलेलं आहे म्हणून मधोमध पुन्हा 74 झालंय का बघ. बाहेर काढल्यावर दहा मिनिटं तसंच राहू दे, मग चौकोन काप, लगेच सुरी घातलीस तर सगळं कोसळेल. आणि कोसळलंच तर चमच्याने वाढ, इंग्लंडमध्ये मोकळ्या खिम्यावर बटाटा थापून करतात त्याला शेफर्ड्स पाय म्हणतात, तेही हॉटेलात भारी किमतीला विकतात.

खरं तर लाइट जाण्याची भीती असेल किंवा ऐनवेळी ओटीजीने दगा दिला तर हाच दुसरा रस्ता डोक्यात ठेव. खिमा गॅसवरच कांदा-लसूण-टोमॅटोवर पूर्ण शिजवून आटव, पाव-अंडं काही नको, वर गरम मॅश पसरून सरळ ताटात वाढ. वरचा लाल थर नाही मिळणार, बाकी चव तीच.

काकांचं मात्र मला तुझ्या रेसिपी शोधण्यापेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं. माळकरी माणसाला सोयाचा खोटा खिमा करून त्याच आकाराच्या ट्रेमध्ये वाढायचा हा प्रकार मला पटत नाही, त्यांना मटणासारखं दिसणारं काही नकोच असतं. बटाटे उकडलेलेच आहेत, त्यातले चार मॅश करायच्या आधी बाजूला काढ आणि छान पिवळी भाजी कर, पोळ्या, वरण-भात, एखादी कोशिंबीर. भांडी, चमचे, तवा वेगळा. त्यांचं जेवण तुझ्या ओटीजीत जायलाच नको म्हणजे त्यांना विचारायला लागत नाही आणि त्यांनाही नाही म्हणायला लागत नाही. त्यांना आधी वाढ, किंवा ते म्हणतील तिथे वेगळं पान मांड.

वरण-भात सगळ्यांसाठीच लाव, मी सांगते, तुझे सासरे दोन चौकोन खाऊन म्हणणार छान झालंय आणि मग विचारणार भात आहे ना. सोबत सोलकढी, काकडी, लादीपाव. सूप, सॅलड, डेझर्ट असलं काही मांडत बसू नको, कॅसरोल जड असतं, पोटात जागा राहत नाही.

नणंदेबद्दल तू एक ओळ लिहिलीस पण सगळं पत्र तिच्याबद्दलच आहे असं मला वाटलं. ती म्हणेल तिकडच्यासारखं नाही झालं, ही भीती ना? तर तिला आजच मेसेज टाक, तू घरी कसा करतेस ते पाठव. बऱ्याचदा उत्तर येतं की अगं मी कुठे करते, तयार आणते आणि गरम करते, मग तर प्रश्नच मिटला. आणि खरंच करत असेल तर तिच्या पद्धतीने कर, नाव तिचं, नाही जमलं तरी तिचंच. टोमणा मारायची सवय असलेली नणंद असेल तर ती बिर्याणी केलीस तरी मारेल, त्याला ओटीजी काही करू शकत नाही.

आणि नवऱ्याला रिकामा सोडू नको. पिझ्झा सुचवणाऱ्या माणसाने सकाळी मटणाच्या लाइनीत उभं राहायला काय हरकत आहे, खिमा कसा काढून आणायचा ते लिहून दे त्याच्या हातात.

त्या आधी एखाद्या बुधवारी अर्धा किलो खिम्याची ट्रायल कर, घरच्यांपुरती, एकाच टिनमध्ये. प्रत्येक ओटीजीचा स्वभाव वेगळा असतो, कोणाचा मागून जास्त तापतो, कोणाचा काटा वीस डिग्री खोटं बोलतो, ते त्या दिवशी कळेल. ट्रायलला सासूबाईंना चव घ्यायला लाव, मग पाहुण्यांसमोर त्याच सांगतील की मी म्हटलं तिला दहा मिनिटं जास्त ठेव.

रविवारी उरलंच तर जेवण झाल्यावर दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये टाक, तीन-चार दिवस राहतं. सोमवारी गार लोफचे जाड काप काढून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजायचे आणि पावात घालून डब्याला द्यायचे, उरलेल्या बटाट्यात मिरची-कोथिंबीर घालून त्यात खिम्याचा चुरा भरलास, रव्यात घोळवलंस, की पॅटिस तयार.